लॉगिन पासवर्ड विसरल्यावर कॉम्प्युटर परत कसा उघडलात? तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. गेले दहा दिवस आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ एकच विषय, आईचा लॅपटॉप. काल रात्री उघडला एकदाचा, म्हणून हा धागा काढतेय.

आई निवृत्त शिक्षिका. अकरा वर्षं गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून, टाइप करून ठेवतेय. मध्ये खुब्याचं ऑपरेशन झालं, दोन महिने लॅपटॉपला हात लागला नाही, आणि परत उघडायला गेली तर पिन आठवेना. तीन-चार वेळा चुकल्यावर विंडोजने सांगितलं की पुढे जायचं तर ए वन बी टू सी थ्री असं टाइप करा. आता ते फक्त समोर खरंच माणूस बसून बटणं दाबतोय ना एवढं बघायला असतं, पण आईला वाटलं हाच नवीन पिन दिला, तिने तो वहीत लिहून घेतला आणि दर वेळी तोच घालत बसली. शेवटी मशीन रीस्टार्ट करा म्हणाली. दुकानात दाखवलं तर त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला, फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाईल. त्या दिवशी आई ताटावरून अर्धं जेवून उठली.

मग मी आले, लॉगिन स्क्रीनवरच वायफाय जोडलं आणि 'पिन विसरलो' वर गेले. त्याला मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड हवा, तो तर कोणालाच माहीत नाही कारण लॅपटॉप घेतला तेव्हा अकाउंट दुसऱ्यानेच उघडून दिलं होतं. पासवर्ड बदलायचा तर मोबाइलवर कोड येणार, आणि नंबरचे शेवटचे दोन आकडे दिसले ते बाबांच्या जुन्या बटणवाल्या फोनचे. तो फोन कपाटात, सिमला कधीचा रिचार्ज नाही. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, त्यामुळे रिचार्ज मारताना हात थरथरत होता हो. टॉवरच्या काड्या दिसल्या, एसेमेस आला, नवा पासवर्ड, नवा पिन, आणि ओव्या सगळ्या जागच्या जागी.

तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर सविस्तर लिहा, नाही उघडलं असेल तर तेही लिहा, ते जास्त उपयोगी पडेल.

* * *

ताई, वाचून बरं वाटलं. आमचं प्रकरण पासवर्डचं नव्हतंच खरं तर, पासवर्ड तोंडपाठ होता. 'ए' चं बटण मेलं होतं. चार दिवस मी विसरलो विसरलो म्हणून स्वतःला दोष देत होतो, वय ७१, मनात नको नको ते येतं. नातवाने लॉगिन स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या त्या माणसाच्या चित्रावर क्लिक करून ऑन-स्क्रीन कीबोर्ड काढला, माउसने एकेक अक्षर दाबलं, उघडलं. पासवर्डच्या चौकोनात टोकाला डोळ्याचं चित्र असतं ते दाबून धरलं की टाइप केलेलं दिसतं, हेही त्यानेच दाखवलं. माझ्या वयाच्या सगळ्यांना सांगतो, आधी ते दाबून बघा आणि मग काळजी करा.

* * *

काका, डोळ्याच्या चित्राला माझ्याकडून हजार नमस्कार. मी पुस्तकांचं टायपिंग करते, इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर. विंडोज अपडेट झाल्यावर काय झालं कळलं नाही, लॉगिन स्क्रीनवर इंग्रजीऐवजी मराठी कीबोर्ड लागून बसला. टाइप करताना नुसते ठिपके दिसतात, मग कसं कळणार? डोळा दाबला तर देवनागरी अक्षरांची खिचडी! के दाबलं की क येतो, पण आय दाबलं की ग, एच दाबलं की प, पासवर्ड जुळणार कुठून. विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला, इंग्रजी आलं, उघडलं. दुसऱ्या दिवशी प्रूफं द्यायची होती आणि मी रात्री दोन वाजता देवासमोर दिवा लावायच्या बेतात होते.

* * *

असंच, फक्त मी म्युनिकमध्ये. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांची अदलाबदल असते आणि शिफ्ट-दोन दाबलं की ॲट ऐवजी अवतरण चिन्ह येतं. पासवर्ड लावला तेव्हा लेआउट इंग्रजी होता, लॉक स्क्रीनवर जर्मन. माझ्या पासवर्डात वाय पण होता आणि ॲट पण. बायकोच्या लक्षात आलं, माझ्या नाही. सेटिंगमध्ये एकच लेआउट ठेवलाय आता.

* * *

मी एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. माझा अनुभव जरा लांबतोय, पण तो पूर्ण लिहावासा वाटतो.

गेल्या पावसाळ्यात लॅपटॉपचं बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट झालं आणि सकाळी चालू केला तर निळी स्क्रीन, बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की टाका. लॉगिनचा पासवर्ड घालायची वेळच येत नाही, त्याच्या आधीच अडवलं. ही की म्हणजे ४८ आकडे, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी केलेली, असली की मशीनच्या हार्डवेअरमध्ये किंवा बायोसमध्ये काही बदल दिसला तर ती खबरदारी म्हणून ही की मागते, आणि हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, आपल्याला पत्ताही नसतो. की त्याच अकाउंटमध्ये जाऊन पडते, दुसऱ्या फोनवरून लॉगिन करून बघता येते. पण माझं अकाउंट लोकल, म्हणजे फक्त त्या मशीनपुरतं होतं, बिटलॉकर मी स्वतः चालू केलं होतं आणि की छापून घेतली होती. कागद होता, एवढं नशीब.

तर कागद काढला. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला होता तरी भिंतीला ओल आली होती ती कागदापर्यंत पोचली. सात गट स्पष्ट. आठव्यात एक आकडा फुगून पसरलेला, ३ म्हणावा तर ३, ८ म्हणावा तर ८, भिंगातूनसुद्धा कळेना. दहावीच्या सराव परीक्षांचे दोन वर्षांचे पेपर, गुणांचे तक्ते, सगळं आत.

आता तिथे एक गोष्ट माझ्या कामी आली. या कीमधला प्रत्येक सहा आकडी गट ११ ने निःशेष भागला जातो, ती बनवतानाच तशी बनवलेली असते म्हणजे लिहिताना चूक झाली तर पकडता यावी. खरा गट इथे देत नाही, उदाहरण घ्या. समजा २५९ नंतर तो पुसट आकडा आणि मग ४२. पोरांना आपण कसोटी शिकवतो ना, एक सोडून एक अंकांची बेरीज करायची आणि दोन बेरजांतला फरक बघायचा, ० किंवा ११ च्या पटीत आला पाहिजे. पहिला, तिसरा, पाचवा अंक, २ अधिक ९ अधिक ४, झाले १५. उरलेले ५, पुसट आणि २. पुसट आकडा ३ धरला तर १०, फरक ५, जमत नाही. ८ धरला तर १५, फरक शून्य. २५९८४२ भागिले ११, बरोबर २३६२२. ८ च असणार.

माझा गटही असाच सुटला. आकडा घातला, एंटर दाबलं, आणि मशीन पुढे सरकली. एकवीस वर्षं मी ११ ची कसोटी शिकवतोय, दर वर्षी कोणीतरी विचारतं सर हे कुठे लागतं. यंदा तो निळ्या स्क्रीनचा फोटो वर्गात नेला आणि फळ्यावर एक पुसट आकडा सोडून गट लिहिला, पोरांनी पाच मिनिटांत काढला.

* * *

सर, कमाल! हे माहीतच नव्हतं.

आमच्याकडे शाळेच्या लॅबमध्ये विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स सिस्टिम, नऊ मशिनी. आधीच्या सरांची बदली झाली आणि पासवर्ड कोणालाच दिलेला नव्हता. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन बसलो. चालू होताना एस्केप दाबून ग्रबचा (उबुंटू सुरू करून देणारा प्रोग्राम) मेनू, त्यात रिकव्हरी मोड, त्यात रूट शेल, म्हणजे सगळे अधिकार असलेली काळी कमांडची खिडकी. पासवर्ड बदलायची कमांड पासडब्ल्यूडी आणि पुढे युजरचं नाव, नवा पासवर्ड दोनदा, तर उत्तर येतं ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर. अर्धा दिवस त्यात गेला. नंतर कळलं की डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते, ती रीमाउंट करून, म्हणजे परत जोडून, लिहिण्यायोग्य केली की तोच पासवर्ड मुकाट्याने बदलतो. लॉगिन झाल्यावर कीरिंग, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांची पेटी, मात्र जुनाच पासवर्ड मागत राहते, कारण तिचं कुलूप जुन्या पासवर्डने लावलेलं असतं. ती कीरिंग काढून टाकली, त्यात साठलेले वायफाय वगैरे पासवर्ड गेले, पण मुलांचं काम सगळं राहिलं.

* * *

ताईंनी न उघडलेलंही लिहा म्हटलंय म्हणून लिहितो, नाहीतर हा विषय मी काढत नाही.

२००८, विंडोज एक्सपी. एम.फिल.च्या मुलाखती टाइप करून ठेवल्या होत्या, कोयना धरणग्रस्तांच्या, सदतीस माणसं. त्यांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी होत्या म्हणून मी त्या फाइली एन्क्रिप्ट केल्या, प्रॉपर्टीजमध्ये एक टिक असते ती. मग पासवर्ड बदलला आणि आठवड्यात विसरलो. तेव्हा एक सीडी मिळायची, तिच्यावरून मशीन चालू करायची आणि पासवर्ड कोरा करून टाकायचा. मित्राने केलं, दहा मिनिटांत डेस्कटॉप समोर. आम्ही खाली जाऊन चहा पिऊन आलो.

वर येऊन फोल्डर उघडला. फाइलींची नावं हिरव्या अक्षरांत, एन्क्रिप्ट केलेल्या तशाच दिसायच्या. एकावर क्लिक केलं, ॲक्सेस डिनाइड. दुसरी, तीच. सगळ्या हिरव्या, सगळ्या बंद. त्या फाइलींची किल्ली जुन्या पासवर्डाशी बांधलेली असते. आपण आत शिरून पासवर्ड बदलला तर ती बरोबर येते, बाहेरून पुसला तर ती उघडत नाही. नंतर जुना पासवर्ड आठवला असता तरी चाललं असतं, पण तो नाहीच आठवला. त्या किल्लीच्या सर्टिफिकेटचा बॅकअप घ्यायचा असतो हेही तेव्हाच कळलं.

परत गेलो त्या गावांना. सदतीसपैकी तेवीस माणसं भेटली. सहा जण मधल्या काळात गेले होते आणि बाकीचे मुलांकडे कुठे कुठे. त्या सहा जणांचं जे बोलणं मी एकट्याने ऐकलं होतं ते आता माझ्याच डोक्यात आहे, आठवेल तसं वहीत उतरवलंय, पण त्यांचे शब्द ते नव्हेत.

म्हणून कळकळीने सांगतो, कुठलाही रीसेट करण्याआधी फाइली एन्क्रिप्ट केलेल्या आहेत का ते आठवा. असतील तर थांबा. जुना पासवर्ड आठवायला चार दिवस द्या.

* * *

दादा, काय लिहावं कळत नाही.

मी कंपनीत आयटी सपोर्टला आहे, पुण्यात. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या सोमवारी फोन खाली ठेवता येत नाही, सगळे विसरलेले असतात. एप्रिल २०२० चं सांगते. सगळे घरी, पासवर्डाची मुदत संपली, आम्ही सर्व्हरवर बदलून दिला, पण घरचा लॅपटॉप सर्व्हरला पोचतच नाही, तो आपल्याकडे साठवलेल्या जुन्याच पासवर्डाशी ताडून बघतो. त्यामुळे लोकांना नवा सांगितला की चालायचा नाही आणि जुना तर ते विसरलेले. ज्यांच्या लॉगिन स्क्रीनवरच व्हीपीएन, म्हणजे घरून इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणी, लावायची सोय होती ते सुटले, बाकीच्यांचे लॅपटॉप पोलिसांचा पास काढून ऑफिसात आणावे लागले. एक मुलगी लोणंदला अडकली होती, तिला फोनवर म्हटलं डोळे मीट, बोटं कीबोर्डवर ठेव, घाई करू नको आणि नेहमीसारखं टाइप कर. तिसऱ्या वेळी उघडलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी हेच करायला लावते. दर दीड-दोन महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्ती मला मनापासून चुकीची वाटते, अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत कारण नसताना ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका असंच म्हटलंय.

* * *

बाबा गेले तेव्हा त्यांचा लॅपटॉप बंदच राहिला. विंडोज सेव्हन, पासवर्ड कोणाला सांगितलेला नव्हता. वर्षश्राद्धानंतर आई म्हणाली बघ काही निघतंय का. भाच्याने पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, डिस्क एन्क्रिप्ट केलेली नव्हती त्यामुळे सगळे फोल्डर दिसले, आम्ही फक्त कॉपी करून घेतलं. फोटो होतेच, आणि एक एक्सेल फाइल, गच्चीतल्या झाडांची. कुठल्या कुंडीत कधी खत घातलं, कढीलिंबाला पहिलं पान कधी आलं, सगळं तारखेनिशी. आई आता त्याप्रमाणे खत घालते. पासवर्ड आम्ही काढला नाही, राहू दिला.

* * *

धागाकर्ती. सगळ्यांचे मनापासून आभार, आज ऑफिसात काम झालं नाही माझं, हेच वाचत बसले होते. मुलाखतींचा अनुभव आईला वाचून दाखवला, ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली माझ्या ओव्यांची आणखी एक प्रत काढ, आत्ता. काढली, पेनड्राइव्ह मावशीकडे जाणार आहे.

आणि सर, तुमचं वाचून आईच्या अकाउंटमध्ये जाऊन बघितलं तर तिच्याही लॅपटॉपचं एन्क्रिप्शन चालू निघालं, आम्हाला कल्पनाच नव्हती. की दोनदा छापली. आई चष्मा लावून आठही गट ११ ने भागत बसली, कॅल्क्युलेटर घेऊ दिला नाही मला. सगळे भागले गेले. एक कागद बँकेच्या पासबुकांच्या पिशवीत ठेवलाय, दुसरा माझ्याकडे. वहीतलं ते ए वन बी टू सी थ्री तिने खोडलं आणि बाजूला तारीख घातली.