थंडरबर्डमध्ये ऑफिसची अ‍ॅड्रेस बुक रिकामी, आउटलुकमध्ये मात्र सगळे पत्ते येतात

विक्रोळी_सिस्टिम्स
नमस्कार मंडळी. आमचं ऑफिस विक्रोळीला, सर्व्हर फोर्टच्या हेड ऑफिसात. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (खात्यांची नोंदवही) आणि एक्स्चेंज (मेल सर्व्हर). अकाउंट्सकडे आउटलुक आहे, तिथे नावाची अक्षरं टाकली की पत्ता हजर. डिझाइनची मुलं उबुंटूवर, त्यांना थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम दिलाय.

एलडॅप (डिरेक्टरीला नावं विचारायची पद्धत) असं भरलंय: होस्टनेमला सर्व्हरचा आयपी, पोर्ट 389, बेस डीएन (शोध कुठून सुरू करायचा) ‘ओयू=यूजर्स’ आणि पुढे डोमेन, बाइंड डीएन (कोणत्या खात्याने लॉगिन करायचं) कोरं. अ‍ॅड्रेस बुक उघडली की काही नाही, एररसुद्धा नाही. टेलनेटने पोर्ट उघडं दिसतं. नेटवर्कवाले म्हणतात, आउटलुक चालतंय म्हणजे सर्व्हर ठणठणीत आहे. मुलं पत्ते फोनवर विचारून हाताने टाइप करतात. टेंडरची ड्रॉइंग भलत्याच पत्त्यावर गेली तर काय, याची मला धास्ती आहे.

परळ४०००१२
अ‍ॅड्रेस बुक रिकामी दिसणारच. थंडरबर्ड एलडॅपमधली नावं आपणहून दाखवत नाही, वरच्या चौकटीत नाव शोधावं लागतं. आधी तेवढं करून बघा.

डोंबिवली_फास्ट
शोधूनही येणार नाही. आउटलुक चालतं हा इथे पुरावाच नाही. आउटलुक एक्स्चेंजकडून पत्त्यांची यादी घेतं, बऱ्याचदा आधीच उतरवून ठेवलेल्या ऑफलाइन प्रतीतून. थंडरबर्ड थेट डिरेक्टरीला एलडॅपने विचारतं. नेटवर्कवाल्यांना हे नीट सांगा, नाहीतर ते त्याच उत्तरावर अडून बसतील.

आता तुमचं सेटिंग. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत सुरुवातीपासून असलेलं यूजर्स हे ओयू (विभागवार बनवलेला कप्पा) नसतं, कंटेनर (आयता मिळणारा साधा कप्पा) असतं. म्हणून ‘सीएन=यूजर्स’ लिहायचं. ‘ओयू’ लिहिलंत की सर्व्हर 32 नंबरचा एरर देतो, असं काही नाहीच म्हणून, आणि थंडरबर्ड तो गिळून टाकतं. त्यात तुमची माणसं विभागवार ओयूंमध्ये असतील तर यूजर्समध्ये सापडणारच नाहीत. बेस डीएनला फक्त डोमेन ठेवा आणि स्कोप सबट्री, म्हणजे खालचे सगळे कप्पे शोधले जातील.

बाइंड डीएन कोरं चालत नाही. विंडोज सर्व्हर 2003 पासून निनावी शोध मुळातच बंद असतो. फक्त वाचण्यापुरतं एक साधं खातं काढून घ्या आणि बाइंड डीएनमध्ये त्याचं नाव, अ‍ॅट, डोमेन असं लिहा, चालतं.

पण 389 वर हे करू नका! पासवर्ड तारेवरून उघडा जातो, आणि सर्व्हरवर साइनिंग (विनंतीवर डिजिटल सही) सक्तीचं असेल तर तो नाकारतोच. एसएसएल (एन्क्रिप्टेड जोडणी) टिक करा, पोर्ट 636. मग आयपी चालणार नाही, सर्व्हरच्या सर्टिफिकेटवरचं (डिजिटल ओळखपत्रावरचं) पूर्ण नावच होस्टनेमला हवं. सर्टिफिकेट ऑफिसनेच काढलेलं असेल तर त्याचं रूट, म्हणजे ज्याच्या आधारे ते काढलं ते मूळ सर्टिफिकेट, थंडरबर्डच्या सर्टिफिकेट मॅनेजरमध्ये, ऑथॉरिटीजखाली, टाका. थंडरबर्ड स्वतःची वेगळी यादी बघतं.

एकाहून जास्त डोमेन असतील तर 636 ऐवजी 3269, म्हणजे ग्लोबल कॅटलॉग, सगळ्या डोमेनची एकत्र यादी. मेल लिहिताना पत्ता आपोआप यायला सेटिंग्जमध्ये कंपोझिशनच्या अ‍ॅड्रेसिंगखाली डिरेक्टरी सर्व्हर निवडायला विसरू नका.

विक्रोळी_सिस्टिम्स
साहेब, आलं! फोर्टवाल्यांनी रूट सर्टिफिकेट पाठवलं, ते टाकलं आणि ‘कुल’ लिहिताच सगळे कुलकर्णी खाली उतरले. मनापासून आभार. आता एकच. निवृत्त झालेल्यांची आणि स्कॅनरची नावंही येताहेत. आउटलुकमध्ये ती दिसत नाहीत.

डोंबिवली_फास्ट
त्याचंही मूळ तेच. एक्स्चेंजमध्ये ती नावं यादीतून लपवलेली असणार. ती खूण एक्स्चेंज पाळतं, एलडॅपला तिचं सोयरसुतक नाही. डिरेक्टरीच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये सर्च फिल्टर आहे, तिथे दोन अटी ‘आणि’ने जोडा: ‘मेल’ भरलेला असावा, आणि ‘एमएस एक्स्च हाइड फ्रॉम अ‍ॅड्रेस लिस्ट्स’ (सगळं जोडून) ट्रू नसावं. त्याच टॅबमध्ये निकालांची मर्यादा 100 असते. मोठ्या ऑफिसात ती कमी पडते, वाढवून ठेवा.

विक्रोळी_सिस्टिम्स
फिल्टर लावला, निवृत्त मंडळी गेली. स्कॅनर अजून दिसतोय, त्याच्या नोंदीत मेल भरलेला आहे. फोर्टला सांगून त्यालाही लपवायला लावतो.