सॅटा जोडणीतील चुकांचे आकडे ‘स्मार्टसीटीएल’ने तपासताना नेमके काय पाहावे?

प्रश्न

नमस्कार. आमच्या छापखान्यात लिनक्सवर चालणारा एक फाइल सर्व्हर असून त्यात चार सॅटा डिस्क ‘एमडी’च्या (लिनक्समधील सॉफ्टवेअर रेड) रेड-५ रचनेत, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकेल अशा रीतीने, जोडलेल्या आहेत. अलीकडे मोठ्या पीडीएफ उघडताना सर्व्हर मध्येच थिजतो आणि थोड्या वेळाने आपोआप पूर्ववत चालू लागतो. डिस्कच्या प्रकृतीची माहिती देणारी ‘स्मार्टसीटीएल -ए’ ही कमांड चालवून पाहिली, तेव्हा तीन डिस्कमध्ये १९९ क्रमांकाच्या ‘यूडीएमए सीआरसी एरर काउंट’ची कच्ची किंमत (प्रत्यक्ष मोजलेला आकडा) शून्य दिसली; तिसऱ्या डिस्कमध्ये मात्र ती ४१२ आहे. ५, १९७ आणि १९८ या, डिस्कवरील खराब जागा मोजणाऱ्या क्रमांकांच्या किमती चारही डिस्कमध्ये शून्यच आहेत, दीर्घ स्व-चाचणी बिनचूक पार पडली आहे आणि एकंदर प्रकृतीपुढे ‘पास्ड’ असेच लिहिलेले आहे. पुरवठादाराचे म्हणणे असे की डिस्क बदलून टाकावी. ती बदलण्यापूर्वी दोष डिस्कमध्ये आहे, केबलमध्ये आहे की मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये, हे कमांड लाइनवरूनच ठरवता येईल का?

पहिले उत्तर

डिस्क बदलण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १९९ हा आकडा डिस्कच्या चकत्यांविषयी काहीच सांगत नाही. डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या तारेवरून जाताना किती फ्रेम (डेटाचे तुकडे) बिघडल्या, एवढेच तो सांगतो. प्रत्येक फ्रेमच्या शेवटी सीआरसी हा पडताळणीचा अंक जोडलेला असतो, घेणारी बाजू तो पडताळते आणि जुळला नाही तर ती फ्रेम नाकारते. त्यानंतर कर्नल ती कमांड पुन्हा पाठवतो, त्यामुळे डेटा सहसा सुखरूप राहतो. पण या फेरप्रयत्नात वेळ जातो. एनसीक्यू (अनेक कमांड एकदम रांगेत देण्याची सोय) चालू असताना एक कमांड फसली की रांगेतल्या बाकीच्या कमांडही रद्द होतात आणि कर्नल जोडणी रीसेट करतो. आपला सर्व्हर थिजतो तो बहुधा याच वेळी.

आपण दिलेल्या दोन पुराव्यांना इथे फारसा अर्थ नाही. दीर्घ स्व-चाचणीत डिस्क स्वतःच्याच चकत्या आतल्या आत वाचते आणि तो डेटा केबलवरून कुठेही जात नाही, म्हणून केबल पूर्ण कुजलेली असली तरी ती चाचणी उत्तीर्णच होणार. ‘पास्ड’ शेऱ्याचेही तसेच आहे, कारण अनेक डिस्कमध्ये १९९ची, डिस्क नापास ठरवणारी उंबरठ्याची किंमत शून्य ठेवलेली असते आणि कच्चा आकडा कितीही चढला तरी त्या शेऱ्यात फरक पडत नाही.

शिवाय ४१२ हा आकडा डिस्कच्या जन्मापासूनचा आहे. तो कमी होत नाही आणि नेहमीच्या कोणत्याही कमांडने पुसताही येत नाही. वर्षभरापूर्वी कोणी केबल नीट न बसवता सर्व्हर चालू केला असेल आणि सगळ्या चुका त्याच दुपारी झाल्या असतील, तर आज त्यांची चिंता करण्याचे कारण नाही. म्हणून आकडा आज टिपून ठेवावा, डिस्कवर भरपूर वाचन घडवून आणावे आणि आकडा पुन्हा पाहावा. वाचनासाठी ‘डीडी’ ही डेटा जसाच्या तसा उतरवणारी कमांड वापरता येईल, पण ‘आयएफ’मध्ये (कुठून वाचायचे) डिस्क आणि ‘ओएफ’मध्ये (कुठे लिहायचे) ‘/डेव्ह/नल’ आहे याची एंटर दाबण्यापूर्वी दोनदा खात्री करावी. तेवढेही धाडस नको असेल, तर ‘एमडी’ची ‘चेक’ प्रक्रिया सुरू करावी. ती चारही डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचते.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मात्र केवळ १९९वर अवलंबून राहिल्यास दोष कोणत्या दिशेचा आहे हे कळत नाही. त्यासाठी ‘स्मार्टसीटीएल -एल सॅटाफाय’ ही कमांड रूट म्हणून चालवावी. बहुतेक सॅटा डिस्क या कमांडला जोडणीच्या घटनांचा एक छोटा तक्ता देतात. तक्त्याच्या पुष्कळ ओळी आपल्या कामाच्या नाहीत; दोन ओळींकडे मात्र बारकाईने पाहावे.

एका ओळीत डिस्ककडून होस्टकडे (म्हणजे सर्व्हरच्या कंट्रोलरकडे) गेलेल्या डेटा-फ्रेमना मिळालेल्या ‘आर-एरर’ उत्तरांची संख्या असते, म्हणजे डिस्कने पाठवले आणि कंट्रोलरने नाकारले. दुसऱ्या ओळीत याच्या उलट, होस्टकडून डिस्ककडे आलेल्या डेटा-फ्रेमची संख्या असते. सॅटाच्या डेटा केबलमध्ये सात संपर्क असतात: पाठवण्याची एक जोडी, घेण्याची एक जोडी आणि उरलेले तीन ग्राउंड. दोन्ही दिशांच्या जोड्या वेगळ्या असल्यामुळे एकाच जोडीतील तार दबली असेल, तर एकच ओळ वाढते. दोन्ही ओळी एकदम वाढत असतील, तर कनेक्टर सैल बसला असण्याची किंवा वीजपुरवठा डळमळीत असण्याची शक्यता मी आधी तपासतो. यातच एक मेख आहे: फक्त वाचनाची चाचणी घेतली, तर डेटा एकाच जोडीवरून वाहतो आणि दुसऱ्या जोडीवर जेमतेम कमांड जातात. त्यामुळे वाचनात आकडे स्थिर राहिले म्हणून केबल निर्दोष ठरत नाही. कामाच्या दिवशी, लिखाण चालू असतानाही एकदा तक्ता पाहावा.

१९९च्या तुलनेत या तक्त्याची सोय अशी की ‘-एल सॅटाफाय,रीसेट’ असे लिहिले, तर आकडे दाखवून झाल्यावर ते शून्यावर आणले जातात, आणि पुढची चाचणी कोऱ्या पाटीवर सुरू करता येते. मात्र डिस्कची वीज गेली तरी हे आकडे जातात, म्हणून सर्व्हर बंद करण्यापूर्वी ते फाइलमध्ये साठवून ठेवावेत.

‘स्मार्टसीटीएल -आय’ने ‘सॅटा व्हर्जन’ची ओळही पाहून घ्यावी. तिथे ६.० गिगाबिटच्या पुढे ‘करंट: ३.०’ असे दिसले आणि पोर्ट ६ गिगाबिटचे असले, तर वारंवारच्या चुकांना कंटाळून कर्नलने वेग उतरवला असण्याची दाट शक्यता आहे. तसे असल्यास ‘डीमेसेज’च्या (कर्नलच्या संदेशांच्या) नोंदींत ‘लिमिटिंग सॅटा लिंक स्पीड’ ही ओळ आणि तिच्या आसपास ‘बॅडसीआरसी’ हा शब्द सापडेल.

तिसरे उत्तर

मी सॅस (सर्व्हरसाठीची वेगळी जोडणी) डिस्क सांभाळतो. तिथे कमांड ‘स्मार्टसीटीएल -एल सॅसफाय’ अशी आहे आणि प्रत्येक फायसाठी (जोडणीच्या एका मार्गिकेच्या टोकाचे सर्किट) चार आकडे मिळतात: अवैध डीवर्ड (चार बाइटचा तुकडा), रनिंग डिस्पॅरिटीच्या चुका, डीवर्ड सिंक तुटणे आणि फाय-रीसेटमधील अडचणी. हेच चार आकडे कंट्रोलरच्या बाजूने ‘/सिस/क्लास/सॅस_फाय’खाली वाचता येतात. चूक नेहमी घेणाऱ्या बाजूला मोजली जाते, त्यामुळे दोन्ही टोकांचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. यंत्र सुरू होताना किंवा डिस्क काढून घालताना यांतले काही आकडे थोडे वाढतातच, त्याचा बाऊ करू नये. चार फाय असलेल्या केबलमध्ये एकाच फायचा आकडा चढत असेल, तर त्याच मार्गिकेची तार किंवा पिन संशयित ठरते. चारही चढत असतील, तर केबल काढून पुन्हा नीट बसवण्यापासून सुरुवात करावी.

डिस्क यूएसबी डॉकमध्ये असेल तर मात्र फसगत होऊ शकते. तिथे १९९ फक्त डॉकमधील चिप आणि डिस्क यांच्यामधल्या सॅटा जोडणीच्या चुका मोजतो; यूएसबी केबल कितीही खराब असली तरी त्यात दिसत नाही.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. आकडे टिपून ‘चेक’ चालवल्यावर तिसऱ्या डिस्कचा १९९ वाढला आणि ‘सॅटाफाय’मध्ये केवळ डिस्ककडून होस्टकडे जाणारी ओळ चढली, दुसरी शून्यच राहिली. त्यानंतर सर्व्हर बंद करून फक्त केबलींची अदलाबदल केली, म्हणजे तिसऱ्या डिस्कची केबल पहिलीला आणि पहिलीची तिसरीला लावली. प्रत्येक डिस्कचे पोर्ट मात्र पूर्वीचेच ठेवले. पुन्हा ‘चेक’ चालवले, तेव्हा तिसऱ्या डिस्कचा आकडा जागचा हलला नाही आणि आजवर शून्यावर असलेला पहिलीचा चढू लागला. केबल बाहेर काढून पाहिली, तर प्लॅस्टिकच्या पट्टीने ती पिंजऱ्याच्या कडेला इतकी करकचून आवळलेली होती की त्या जागी ती चपटी झाली होती. आता क्लिप असलेली नवी केबल बसवली आहे. तिसऱ्या डिस्कचा जुना आकडा तसाच राहणार असेल, तर पुढे त्यावर लक्ष कसे ठेवावे?

दुसऱ्या उत्तराचे लेखक

डिस्कवर सतत नजर ठेवणाऱ्या ‘स्मार्टडी’च्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये प्रत्येक डिस्कच्या ओळीत ‘-आर १९९!’ (मोठा R) आणि ‘-एम’च्या (लहान m) पुढे आपला ईमेल पत्ता लिहावा. मग जुना आकडा कितीही असो, कच्ची किंमत बदलली की सूचना येईल. सर्व्हरवरून ईमेल प्रत्यक्षात जातो का, हे ‘-एम टेस्ट’ (इथे मोठा M) लिहून आधी पाहून घ्यावे. पहिल्या डिस्कचा आजचा आकडाही टिपून ठेवावा, कारण तोही आता शून्यावर परत येणार नाही. आणि पुरवठादाराने डिस्क आधीच मागवली असेल, तर ती परत न पाठवता रेडसाठी सुटी ठेवावी.