पायडल कोणतं टिकेल? आणि क्रँकमधून कटकट येते, ती कशी बंद करू?

वाघूरकाठ (नशिराबाद)
राम राम मंडळी. रोज नशिराबादहून जळगाव एमआयडीसीत सायकलने ये-जा करतो, जुन्या सहा नंबर हायवेने. हायब्रिड सायकल आहे, पुढे तीन चेनरिंग (दातेरी चकत्या), क्रँक (पायडलाचा दांडा) चौकोनी एक्सलवर बसणारी. पावसाळा संपल्यापासून पायांखालून कटकट ऐकू येऊन राहिली आहे. सपाटीवर हळू चाललो तर काही नाही. पुलाचा चढ आला, पायडलवर जोर दिला, की सुरू.
दुकानदार म्हणतो बी.बी. (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा एक्सल ज्यात फिरतो ते बेअरिंग) बदला, पायडलही बदला, चेनचंही नंतर बघू. पायडल बदलायचं तर आहेच. कंपनीकडून आलेलं प्लास्टिकचं आहे, एकाचं टोपण पडलं आणि आत काळी माती गेली. माझं वजन नव्वदच्या आसपास. साधे बूट घालतो, पावसात सँडल. क्लिपवाले नकोत. जोडीला दीड हजारापर्यंत जाईन. हिवाळ्यात अजिंठा लेण्यांपर्यंत जायचा बेत आहे, वाटेत मोडणार नाही असं सुचवा.

छर्रा (भुसावळ)
भाऊ, आधी काहीच विकत घेऊ नका. आवाज नेमका कुठून येतो ते कळेपर्यंत पाकीट खिशात राहू द्या. लोखंडी असो की ॲल्युमिनियम, फ्रेम आवाज पसरवते. सीटखालची कुरकुर पायाखालून आल्यासारखी वाटते. दुकानदार लबाड असेलच असं नाही. त्याला शोधत बसायला वेळ नसतो, म्हणून तो सगळंच बदलायला सांगतो.
चालवताना नीट ऐका. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात, पाय ठरावीक जागी आला की वाजत असेल तर दोष पायडल, क्रँक, बी.बी. किंवा चेनरिंगच्या बोल्टांत. दोन-तीन फेऱ्यांनी एकदा वाजत असेल तर चेनची एखादी कडी जाम असेल, कारण क्रँकचे दोन-अडीच फेरे झाले की चेनचा एक होतो. पाय थांबवून सायकल नुसती घरंगळली तरी वाजत असेल तर क्रँकला सोडा, चाक पाहा. उभं राहून मारल्यावर आवाज गेला तर सीट नाहीतर सीटचा दांडा.
मग सायकल भिंतीला टेकवा. उजव्या हातात उजवी क्रँक, डाव्या हातात डावी, आणि दोन्ही फ्रेमकडे आत-बाहेर हलवा. दोन्ही एकदम हलल्या तर बी.बी. ढिली. एकच हलली तर ती क्रँक एक्सलवर ढिली. हे करा आणि इथे लिहा.

लळिंग घाट (धुळे)
आवाज कथाईन येस ते पहिले देखा, मंग पैसा घाला. छर्राभाऊंना अनुमोदन.
आमच्या ग्रुपमधल्या एकाने बी.बी. बदलली, क्रँक बदलली, पायडलं बदलली. आवाज तसाच. शेवटी सीटचा दांडा काढला, पुसला, ग्रीस लावून परत बसवला आणि शांतता. सायकलपेक्षा जास्त आवाज नंतर त्याच्या घरातून आला म्हणतात.
बुटाच्या लेसचं टोक क्रँकला घासत नाही ना, गिअरच्या केबलचं सुटलेलं टोक क्रँकला लागत नाही ना, तेही बघून घ्या. हसू नका, हे होतं.

वाघूरकाठ
केलं सगळं. प्रत्येक फेऱ्याला एकदाच वाजतं, डावा पाय खाली जाताना. उभं राहून तर जास्तच. भिंतीला टेकवून हलवलं तर डावी क्रँक एकटी हलते, अगदी थोडी, पण हाताला कळते. उजवी घट्ट आहे. चेन काढून क्रँक हाताने फिरवली तर आत बारीक खरखरही लागते.

छर्रा
म्हणजे दोन वेगळी दुखणी आहेत. कटकट डाव्या क्रँकची, खरखर बी.बी.च्या बेअरिंगची.
डाव्या क्रँकचं आजच करा. उद्या कामावर त्या सायकलने जाऊ नका. चौकोनी एक्सल स्टीलचा, क्रँक ॲल्युमिनियमची. ढिली क्रँक चालवत राहिलात की स्टील ॲल्युमिनियमला खातं आणि चौकोनी भोकाचे कोपरे गोल होतात. मग ती क्रँक कितीही आवळा, परत सुटणारच, फेकावी लागते. टोपण काढा, आत १४ मिमीचा बोल्ट असेल नाहीतर ८ मिमीच्या ॲलनचा (षटकोनी चावीचा). क्रँक उतरवायला पुलर (ओढून काढायचं हत्यार) लागतो, हातोडी मारू नका. भोक पाहा. कडा सरळ असतील तर कापडाने दोन्ही स्वच्छ पुसा, बसवा आणि चांगलं आवळा, ३५ ते ४० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर लांब दांड्याचा पाना घेऊन दणकून. हाताच्या पंजाएवढ्या ॲलनने तेवढा जोर येत नाही, तिथेच लोक चुकतात. थोडं चालवून झाल्यावर एकदा परत आवळा.

औट्रम घाट (चाळीसगाव)
बसवताना एक्सलच्या चौकोनावर ग्रीस लावायचं की नाही?

छर्रा
या प्रश्नावर मेकॅनिक लोकांची भांडणं होतात. मी अगदी पुसट हात फिरवतो, काही जण कोरडंच बसवतात. दोन्ही चालतं. बोल्टच्या आट्यांना मात्र ग्रीस हवंच.

वाघूरकाठ
क्रँक काढली. भोकाच्या कडा ठीक आहेत, एका कोपऱ्यावर थोडी चमक आली आहे. बसवली, आवळली. कटकट गेली! खरखर आहे तशीच. आता बी.बी. बदलू का ग्रीस भरून चालेल?

छर्रा
आधी कोणती आहे ते पाहा. कप, सुटे छर्रे आणि लॉक रिंग असेल तर उघडा, रॉकेलने धुवा. कपच्या आत जिथे छर्रे फिरतात तिथे आणि एक्सलच्या कोनवर (छर्रे टेकतात त्या निमुळत्या भागावर) खड्डे पडले नसतील तर पाव इंचाचे नवे छर्रे, भरपूर ग्रीस, झालं. जुने आणि नवे छर्रे मिसळू नका. खड्डे असतील तर ग्रीस घालणं म्हणजे खर्चाला फक्त पुढची तारीख देणं.
बंद कार्ट्रिज असेल तर ती उघडत नाही, अख्खी बदलायची. जुनीवर कोरलेले आकडे वाचा. ६८ म्हणजे फ्रेमच्या नळीची रुंदी मिमीमध्ये, त्यापुढचा आकडा (११३, ११८, १२२.५ असा काहीतरी) एक्सलची लांबी. तीच लांबी घ्या, नाहीतर चेनरिंग आत-बाहेर सरकते आणि पुढचे गिअर नीट पडत नाहीत. शिमानोची बीबी-यूएन३०० साधी आणि टिकाऊ आहे.
आणि दुकानात काढताना तिथे उभे राहा. चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. ज्याला हे माहीत नसतं तो उलट दिशेने जोर लावून फ्रेमचे आटे खराब करतो. बी.बी. परवडते हो, फ्रेम कुठून आणणार?

तोरणमाळ चढते (नंदुरबार)
बी.बी. इतक्या लवकर का गेली ते कोणीच विचारलं नाही. वाघूरकाठ, सायकल गाड्यांच्या सर्व्हिसिंगवाल्याकडे प्रेशरने धुता का? ते पाणी सीलमधून आत जातं आणि ग्रीस बाहेर काढतं. आमच्याकडे निम्म्या सायकली अशाच मेल्या आहेत. बादली, फडकं आणि जुना ब्रश पुरतो. काळी माती ओली असताना खरवडत बसू नका. वाळली की आपोआप सुटते. आणि पावसात सायकल उघड्यावर ठेवू नका, सीटच्या नळीतून पाणी थेट बी.बी.त उतरतं.
बेअरिंगवर ते फवाऱ्याचं डब्ल्यूडी-४० मारणंही बंद. गंजलेला बोल्ट सोडवायला ते उत्तम, पण बेअरिंगमधलं ग्रीस त्याने पातळ होऊन निघून जातं. आवाज दोन दिवस थांबतो, मग जास्त येतो.

वाघूरकाठ
ताई, तुम्ही माझ्या अंगणात कॅमेरा लावलाय का? प्रेशरच मारत होतो. बी.बी. कार्ट्रिजच निघाली, बदलून घेतो. आता पायडलाचं सांगा.

तोरणमाळ चढते
अलॉयचं घ्या, रुंद, बुटाला पकडणाऱ्या पिनांचं, आत सील्ड बेअरिंग असलेलं. सील्डला ग्रीसबिसचा त्रास नाही. तोरणमाळच्या घाटात पाऊस-चिखल सगळं खाऊन माझी व्यवस्थित आहेत. एक्सल क्रोमोली स्टीलचा असेल तर उत्तम. तुमच्या वजनाला आणि उभं राहून मारायच्या सवयीला एक्सल आधी बघा, वरचा रंग नंतर.

छर्रा
इथे माझं ताईंशी जमत नाही. ज्याला दुकान जवळ आहे आणि दरमहा सायकल उघडायला आवडते, त्याने सुट्या छर्र्यांचं, कोन आणि लॉकनट असलेलं, उघडता येणारं पायडल घ्यावं. एमकेएस कंपनीचं सिल्व्हन याच जातीचं. टोपण काढा, नट सोडा, कोन काढा, छर्रे धुवा, ग्रीस, परत बंद. अमळनेरच्या बाजारात, चोपड्यात, कुठेही छर्रे मिळतात. सील्ड गेलं की काय करणार? शोरूमवाला म्हणणार, नवीन जोडी घ्या.

तोरणमाळ चढते
सील्ड बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो दादा. तो नंबर घेऊन मोटरपंपाचे बेअरिंग विकणाऱ्या दुकानात जा. शेतीच्या मोटारी जिथे आहेत तिथे बेअरिंगचं दुकान आहेच, आणि खान्देशात मोटारी कुठे नाहीत? अगदी बारीक नंबर नसेल तर मागवून देतात.
आणि दरमहा उघडणारे किती जण आहेत? वाघूरकाठ रोज शिफ्ट करून येणार, त्यावर पायडल उघडून बसणार?

छर्रा
मोटरपंपवाल्या दुकानाचं पटलं. बाकी नाही पटलं.

लळिंग घाट
मी मधला. नायलॉनला लगेच प्लास्टिक म्हणून उडवू नका. काचेचे तंतू मिसळलेलं चांगलं नायलॉन दगडावर आपटलं तरी वाकत नाही, अलॉयइतकं तापत नाही आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ही छोटी गोष्ट नाही. सँडलमध्ये तापलेल्या अलॉयच्या पिनवर अंगठा टेकला की कळतं. मात्र सायकलसोबत फुकट येतात ती साधी प्लास्टिकची वेगळी; उन्हाने ठिसूळ होतात, टोपणं उडतात. तुमचं गेलं ते त्याच जातीचं.
पिना टोकदार असतील तर पाय घसरल्यावर नडगीची साल निघते. कामावर जायचं तर बोथट पिना पुरे.

पांझरा (धुळे)
आमच्या दूधवाल्या काकांच्या काळ्या सायकलला रबराच्या ठोकळ्यांची पायडलं आहेत, दोन्हीकडे कॅन लटकवून रोज चालते. रबर झिजलं की ठोकळा बदलायचा, बाकी तेच. त्यांच्या सायकलीत पण कटकट व्हायची, ती कॉटरपिनची (क्रँक एक्सलला अडकवणाऱ्या खुंटीची). सैल कॉटर चालवली की पिन आणि एक्सल दोघांनाही खाते. मेकॅनिकने नवी ठोकली, पण क्रँकखाली लोखंडी पाइपाचा आधार देऊन. आधार न देता ठोकलं तर मार थेट छर्र्यांवर आणि कपवर जातो. नटाने पिन ओढून बसवायची नसते, नट फक्त तिला धरून ठेवतो. थोडी चालवल्यावर पुन्हा ठोकून नट आवळायचा.

वाघूरकाठ
काकांच्या सायकलीचा हेवा वाटला. नवी बी.बी. बसली, आता हाताने फिरवली तर लोण्यासारखी. पायडल घेतलं: सील्ड, अलॉय, बोथट पिनांचं. छर्राभाऊ, रागावू नका, शिफ्टचं कारण खरं आहे. जुनं मात्र निघत नाहीये, डावं तर मुळीच.

छर्रा
राग कसला. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. चालवताना फिरत्या भाराने एक्सल हळूहळू सुटू नये म्हणून तशी रचना आहे. सोपा नियम: पाना एक्सलवर उभा धरा, टोक वर. वरचं टोक मागच्या चाकाकडे ढकललं की सुटतं, पुढच्या चाकाकडे ढकललं की आवळतं. दोन्ही बाजूंना हेच. १५ मिमीचा पातळ पाना लागतो, जाड पाना क्रँक आणि पायडलाच्या फटीत जात नाही. काहींना मागून ६ किंवा ८ मिमीची ॲलन लागते. जाम असेल तर आता डब्ल्यूडी-४० मारा आणि रात्रभर सोडा, ताईसुद्धा परवानगी देतील.
नवं बसवताना आट्यांना ग्रीस लावा, कोरडे आटे पुन्हा कुरकुरतात. एल आणि आर अक्षरं पाहा. सुरुवातीचे फेरे हातानेच द्या. बोटांनी सरळ जात नसेल तर पाना लावू नका, तिरपे आटे पडले की ॲल्युमिनियमची क्रँक गेलीच. तसं झालंच तर एमआयडीसीत लेथवाल्याकडे बुश टाकून मिळतो, पण ते टाळा.

औट्रम घाट
धाग्यात घुसतो, माफ करा. पोरीच्या छोट्या सायकलीला हेच अलॉय पायडल बसेल का? तिच्या क्रँकची डावी-उजवी बाजू एकाच वाकवलेल्या दांड्याची आहे.

तोरणमाळ चढते
बहुधा नाही. एकसंध क्रँकला अर्ध्या इंचाचे आटे असतात, आणि मोठ्या सायकलींना ९/१६ इंचाचे. बाहेरून फरक पटकन दिसत नाही. जुनं पायडल काढून दुकानात सोबत न्या आणि आटे आट्यांना लावून पाहा. दुकानदार "बसेल, बसेल" म्हणाला तरी.