मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन सात दिवसांत अडगाव, गाविलगड, लोणार, ताडोबा जमेल का?

नमस्कार मंडळी,

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, शेती करतो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, आता ७१ वर्षांचे आहेत. मागच्या पंधरवड्यात मुलीला इतिहास शिकवता शिकवता ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "म्या पोराईले तीस वर्सं गाविलगड शिकोला, पन दिल्ली दरवाजा डोयानं पाह्यला नाही." आमच्या गावाहून गाविलगड काही फार लांब नाही. तरी नोकरी, शेती, बहिणींची लग्नं यात राहून गेलं. ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

जानेवारीअखेर कापूस बराचसा वेचून होतो आणि हरभरा सोंगायला वेळ असतो. लहान भाऊ आठ दिवस ओलिताचं पाहीन म्हणाला. म्हणून २६ जानेवारीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी निघायचं ठरवलंय. सात सीटची डिझेल गाडी आहे, चालवणारा मी एकटाच. सोबत आई-बाबा, बायको, दहा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा.

बाबांनी कृषी केंद्राच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर निळ्या पेनानं नकाशा काढून ठेवलाय. अडगावभोवती दोनदा गोल केलाय. तेल्हारा तालुक्यातलं हे अडगाव म्हणजे २९ नोव्हेंबर १८०३ ला जिथं इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला ते गाव. तिथून रेघ गाविलगडावर जाते. १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारले गेले. १७ डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह झाला, आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी तह झाला तो आमच्या शेजारच्या सुर्जी अंजनगावात. एका महिन्यात एवढं सगळं घडलं, आणि ते आमच्या आठवडी बाजारांच्या टापूत! मी अंजनगावला कितीदा संत्र्याची गाडी घेऊन गेलो असेन, पण हे कधी मनात आलं नाही.

मुलांना मात्र वाघ पाहायचा आहे. आईला चंद्रपूरच्या महाकालीला ओटी भरायची आहे, आणि जमलं तर सिंदखेडराजा, जिजाऊंच्या जन्मस्थानी माथा टेकायचा आहे. तिचे गुडघे दुखतात. पायऱ्या उतरताना ती कठड्याला दोन्ही हातांनी धरून आडवी उतरते, एकेक पायरी.

आता बेत सांगतो. शुक्रवारी अडगाव, मग नरनाळा किल्ला, मुक्काम अकोट. शनिवारी अंजनगाव, परतवाडा करत चिखलदरा. रविवारी सकाळी गाविलगड आणि दुपारून थेट लोणार. सोमवारी लोणारचं सरोवर, सिंदखेडराजा, आणि समृद्धी महामार्गानं वर्ध्याकडे येऊन रात्री सेवाग्राम. मंगळवारी ताडोबा, दुपारची सफारी. बुधवारी चंद्रपूर. गुरुवारी मार्कंडा देवस्थान पाहून घरी.

माझे प्रश्न असे. एकट्या चालकाला हे झेपेल का? लोणारला खाली न उतरता आईला काय काय पाहता येईल? नरनाळ्यावर गाडी वरपर्यंत जाते का? आणि ताडोब्याचं बुकिंग करताना काय काळजी घ्यावी? तीन वर्षांपूर्वी एका मध्यस्थाकडून बुकिंग केलं होतं. राहायची सोय मोहर्लीला आणि सफारीचं गेट कोलारा. एक दक्षिणेला, दुसरं उत्तरेला. पहाटे कळलं तोवर वेळ निघून गेली होती. मुलगी गाडीत रडत बसली होती, ते अजून आठवतं. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही.

प्रतिसाद, अकोटहून

भाऊ, बाबांचा नकाशा जपून ठेवा. तुमच्या प्रवासाचं सूत्र त्यातच आहे.

नरनाळ्यावर गाडी जाते. शहानूरला वनविभागाच्या नाक्यावर नोंद आणि शुल्क भरून वर जायचं. हा भाग अभयारण्यात येतो, त्यामुळे अंधार पडायच्या आत खाली उतरावं लागतं. म्हणून अडगाव सकाळी लवकर उरका आणि दहाच्या सुमारास शहानूरला पोचा. महाकाली दरवाज्याचं कोरीव काम आईलाही बघता येईल. त्याच्या समोर सावलीत बसवा आणि घाई करू नका. वर खायला काही मिळेल हे धरून चालू नका, पोळ्या-ठेचा आणि पाणी सोबत ठेवा.

चिखलदऱ्याला एक नाही, दोन रात्री द्या. गाविलगड मोठा आहे. बाबा दिल्ली दरवाज्यावरचं गंडभेरुंड (दोन तोंडांचा पक्षी) बघत उभे राहिले की तास कसा गेला कळणार नाही, आणि त्याच दुपारी तुम्ही त्यांना लोणारला नेणार? घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरा, सारखा ब्रेक दाबू नका. डिझेल परतवाड्यालाच भरून घ्या. जानेवारीत वर थंडी चांगलीच असते, आईसाठी शाल आणि कानटोपी घ्या. जाताना अचलपूरला हौज कटोरा ही तलावातली जुनी वास्तू आहे, तो रस्त्यात होईल.

प्रतिसाद, चंद्रपूरहून

दादा, आधी महत्त्वाचं. तुमच्या बेतात ताडोबा मंगळवारी येतोय आणि कोअर (जंगलाचा आतला मुख्य भाग) मंगळवारी बंद असतं. एवढ्या एका चुकीनं मुलांचा पुन्हा हिरमोड झाला असता.

बुकिंग मध्यस्थाकडून नको, ऑनलाइन स्वतः करा. आधी गेट ठरवा, मग त्याच गेटच्या गावात मुक्काम घ्या. चंद्रपूर करायचं असेल तर मोहर्ली सोयीचं. बुकिंगला जे ओळखपत्र लावाल तेच मूळ कागद हातात हवं, झेरॉक्सवर अडवतात. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही. एक दुपारची आणि दुसऱ्या दिवशी एक सकाळची, अशा दोन फेऱ्या घ्या. एकाच फेरीत वाघ दिसेलच असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आणि मुलांना सांगा की ताडोबा हे १९५५ पासूनचं, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान आहे. वाघ नाही दिसला तरी तलाव, रानगवे, मोहाची झाडं बघण्यासारखी आहेत. जिप्सीत हादरे बसतात. आईंना मधल्या सीटवर बसवा, किंवा त्या फेरीत त्यांना खोलीवर आराम करू द्या.

माझं मत स्पष्ट सांगतो: लोणार आणि सिंदखेडराजा या वेळी सोडा. ते तुमच्या पश्चिमेला, ताडोबा पूर्वेला. दर्यापूरहून लोणार-सिंदखेडराजा वेगळं दोन दिवसांत होतं. लोणारला आईंना वरच्या काठावरून सगळं विवर दिसतं, आणि दैत्यसूदन मंदिर तर गावातच आहे, खाली उतरावं लागत नाही. फक्त सिंदखेडराजाला १२ जानेवारीच्या आसपास जाऊ नका, जिजाऊ जयंतीची खूप गर्दी असते.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. रात्री जेवणं झाल्यावर दोन्ही प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. त्यांनी कॅलेंडर मागवलं आणि लोणारकडे जाणारी रेघ स्वतःच्या हातानं खोडली. आईनंही सिंदखेडराजा पोळ्याच्या आधी जाऊ म्हटलं. मार्कंडाही राहू दिला.

आता रविवारी निघतोय. रविवार अडगाव-नरनाळा, सोमवार-मंगळवार चिखलदरा आणि गाविलगड, बुधवारी सेवाग्राम, गुरुवार दुपार आणि शुक्रवार सकाळ मोहर्ली, शुक्रवारी दुपारून चंद्रपूर, शनिवारी महाकालीची ओटी भरून परत. मोहर्लीचं बुकिंग मी आज सकाळी स्वतः केलं, गेट तीनदा तपासलं.

बाबांनी बुधवारसाठी एक जागा वाढवली आहे. तिवस्याच्या पुढे वर्धा नदी लागते. देवगावच्या तहात तिच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. पूल ओलांडल्यावर गाडी बाजूला घ्यायची आणि नातवंडांना नदी दाखवायची, असं त्यांनी बजावून सांगितलंय.

एकच विचारायचं राहिलं. अडगावात लढाई नेमकी कुठल्या शिवारात झाली हे दाखवू शकेल असं जाणतं माणूस कोणाच्या माहितीत आहे का? गावाचंच कोणी असेल तर बरं. बाबा चालायला तयार आहेत.