सांबार-रसम-दहीभाताच्या घरात मधुमेह: काय बदलावे, काय राहू द्यावे?

कोवैची_सून

माझे माहेर साताऱ्याचे असून सासर कोइमतूरचे आहे. घरात पाच माणसे आहेत आणि स्वयंपाक सासूबाई व मी मिळून करतो. सासऱ्यांना काही वर्षांपासून टाइप 2 मधुमेह आहे आणि अलीकडे रक्तदाबाची गोळीही सुरू झाली आहे. डॉक्टरांनी ‘भात कमी करा’ एवढेच सांगितले. परंतु ज्या घरात सकाळी इडली, दुपारी सांबारभात, त्यावर रसमभात, शेवटी दहीभात आणि रात्री डोसा हा क्रम ठरलेला आहे, तेथे भात कमी करायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नाही. पोळ्या करून पाहिल्या. सासरे त्या सांबारात कुस्करून खातात आणि नंतर दहीभात मागतातच.

सासूबाईंना घरचे जेवण बदललेले नको आहे आणि मला त्यांचे म्हणणे बरेचसे पटते. म्हणून विचारते की, तांदळाऐवजी नाचणी किंवा राळे आणल्याने खरोखर फरक पडतो का, इडलीच्या पिठाचे प्रमाण बदलता येते का, आणि नारळ व तिळाचे तेल यांविषयी काय धोरण ठेवावे?

बसवनगुडीकर

ताई, आपल्या प्रश्नात धान्य कोणते हा भाग दुय्यम आहे. मुख्य भाग आहे तो भाताच्या तीन वाढण्यांचा. शिजवलेल्या 100 ग्रॅम भातात साधारण 28 ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. प्रत्येक वेळी दीडशे ग्रॅम भात वाढला, तर एका दुपारी सव्वाशे ग्रॅम पिष्ट पोटात जाते, आणि ताटाच्या कडेला पोरियल (नारळ घातलेली सुकी भाजी) मात्र दोन चमचे असते. तांदूळ काढून त्याच मापाने राळ्याचा भात वाढला, तर तंतू थोडे वाढतील, परंतु साखरेचे गणित फारसे हलणार नाही. नाचणीच्या पिठातही शेकडा पासष्ट ते सत्तर भाग पिष्टच असते. नाचणीचे खरे मोल कॅल्शियममध्ये आहे (100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम, तर तांदळात 10 च्या आतबाहेर), आणि ती त्यासाठी अवश्य खावी. मात्र बारीक दळलेल्या नाचणीची पातळ पेज ही मधुमेहावरची तोड आहे असे समजून वाटीवर वाटी पिऊ नये. सध्या दुकानांत भरड धान्यांची जी आरास लागलेली असते, तिच्याकडे पाहताना एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

माझ्या मते क्रम तसाच ठेवून मापे बदलावीत. जेवणाची सुरुवात भाताने न करता भरपूर पोरियल आणि कूट्टूने करावी. कूट्टू हा या स्वयंपाकातला सर्वांत गुणी आणि सर्वांत दुर्लक्षित पदार्थ आहे: कोहळा, पडवळ, दोडका किंवा पानकोबी, मूगडाळीबरोबर मऊ शिजवून, वर जिरे-मिरची-नारळाचे वाटण आणि मोहरी-उडदाची फोडणी. एक मोठी वाटी कूट्टू आधी खाल्ला की सांबाराला लहान मूदभर भात पुरतो. रसम भातावर न घेता पेल्यातून घ्यावे. दहीभात काढू नये. तो काढलात तर जेवण झाल्यासारखे वाटणार नाही आणि तासाभराने फरसाणाच्या डब्याकडे हात जाईल. त्यात भाताचे प्रमाण अर्धे करून दही दुप्पट करावे आणि किसलेली काकडी किंवा गाजर मिसळावे. आमच्या घरी मोसरन्ना (कन्नड दहीभात) आता असाच होतो आणि पाहुण्यांनाही तो चालतो.

सांबारही घट्ट करावा. पुष्कळ घरांत डाळ वाटीभर आणि पाणी तांब्याभर असा प्रकार असतो, त्यामुळे तो भाताशिवाय खाताच येत नाही. डाळ वाढवून त्यात शेवग्याच्या शेंगा, लाल भोपळा, वांगी आणि सांबारी कांदे भरपूर घातले, तर तो वाटीत घेऊन चमच्याने खाण्याजोगा होतो.

आहारशास्त्राची_विद्यार्थिनी, हैदराबाद

वरील सूचना चांगल्या आहेत, परंतु एक सावधगिरी आधी सांगते. सासरे इन्सुलिन घेत असतील किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी त्यांना चालू असेल, तर भात एकाएकी निम्मा केल्याने साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली जाऊ शकते; म्हणून डॉक्टरांना सांगून, औषधाची मात्रा तपासून घेत, टप्प्याटप्प्याने बदल करावा. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डाळीचे प्रमाणही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये.

दुसरे, रक्तदाबासाठी भातापेक्षा मीठ महत्त्वाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे. सांबार, रसम, लोणचे, अप्पळम (पापड) आणि दहीभाताबरोबरची सांडगी मिरची हे सर्व एकाच ताटात आले की ही मर्यादा दुपारीच संपू शकते. अप्पळममध्ये मिठाशिवाय खारही असतो आणि तोही सोडियमच वाढवतो. तो तळण्याऐवजी भाजला तर तेल वाचते, मीठ मात्र तेवढेच राहते. माझा कल असा की, लोणचे आणि सांडगी मिरची यांतले एका वेळी एकच घ्यावे आणि अप्पळम सणासुदीला ठेवावे.

आणखी एक, जेवणाला लागून फिल्टर कॉफी नको. कॉफीतील टॅनिनमुळे पालेभाज्या व डाळींतील लोह नीट शोषले जात नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांतही जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे.

तंजावूरकर

आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरचे. घरात मराठी बोलतो आणि जेवतो तमिळ पद्धतीने. पिठाच्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे, ते देतो.

इडलीसाठी चार वाट्या इडली-तांदळाला एक वाटी उडीद हे रूढ प्रमाण आहे. ते तीनास एक केले तरी इडली उत्तम होते, मात्र उडीद ताजा आणि अख्खा सोललेला असावा व ग्राइंडरमध्ये पाण्याचे हबके मारत तो लोण्यासारखा फुगेपर्यंत वाटावा. त्यापलीकडे उडीद वाढवला, तर इडली चिकट आणि चपटी होते. तेच पीठ डोशाला चालते. तांदळातला निम्मा भाग वरगू किंवा सामै ही भरड धान्ये घालून भागवता येतो. इडली किंचित दडस होते, डोसा मात्र अधिक कुरकुरीत होतो, म्हणून सासूबाईंची मान्यता आधी डोशाला मिळवावी, हा अनुभवाचा सल्ला. इडली-तांदूळ उकडा असतो, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे: उकडताना कोंड्यातील ब जीवनसत्त्वे दाण्यात मुरतात आणि म्हणूनच तो पांढऱ्याशुभ्र कच्च्या तांदळापेक्षा सरस ठरतो.

रात्री रोज तांदळाचाच डोसा का करावा, हे मला कळत नाही. अडै आहे, पेसरट्टू आहे, दोन्ही डाळी-कडधान्यांचे डोसे. अडैसाठी एक वाटी तांदळाला तूर, हरभरा, उडीद आणि मूग मिळून दोन वाट्या डाळी घ्याव्यात, सुक्या मिरच्या आणि हिंगासह रवाळ वाटावे, आणि पिठात शेवग्याचा पाला मूठमूठ मिसळावा. आंबवण्याची गरज नाही. तवा मध्यम आचेवर ठेवून, जाडसर थापून, मधोमध भोक पाडून तेथे चमचाभर तेल सोडावे, म्हणजे आतपर्यंत शिजते. पेसरट्टू तर जवळजवळ अख्ख्या हिरव्या मुगाचाच असतो. हे बाहेरून आणलेले पर्याय नव्हेत, याच स्वयंपाकातले पदार्थ आहेत. तेव्हा सासूबाईंनाही हरकत नसावी.

बसवनगुडीकरांशी एका बाबतीत मतभेद आहे. रसम पेल्यातून प्यावे, हे मधुमेहाला ठीक. रक्तदाब असणाऱ्याने रसम म्हणजेही खारट पाणीच आहे हे विसरू नये. एक लहान पेला पुरे, आणि त्यात मीठ थोडे हात राखून घालावे. मिरी, जिरे आणि चिंच असताना ते कमी पडलेले जाणवत नाही.

कोवैची_सून

सर्वांचे मनापासून आभार. औषधांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. अडैला सासूबाईंनी लगेच होकार दिला. नारळ व तेल यांविषयी मात्र अजून विचारायचे आहे: त्यांच्या हातून पोरियलमध्येही वाटीभर नारळ पडतो.

बसवनगुडीकर

खवलेला ओला नारळ आणि खोबरेल तेल यांत फरक करावा. खोबरेल तेलातील सुमारे नव्वद टक्के चरबी संपृक्त असते, म्हणून त्यात रोजची फोडणी नको. अवियलवर (नारळाच्या वाटणातल्या मिश्र भाजीवर) शेवटी चमचाभर कच्चे घातले की वासासाठी तेवढे पुरते. ओल्या नारळात चरबी आहे तसे तंतूही आहेत, परंतु वाटीभर हे रोजच्यासाठी जास्तच झाले. पाच माणसांच्या पोरियलला दोन मोठे चमचे नारळ पुरतो, आणि तो आच बंद केल्यावर वरून घातला तर कमी असूनही दिसतो आणि लागतो. चटणीत निम्म्या नारळाच्या जागी भाजलेली चणाडाळ, किंवा कांदा-टोमॅटो घालावा. नल्लेण्णै, म्हणजे तिळाचे तेल, खुशाल वापरावे, पण मोजून. मिळगाय पोडीवर (इडली-डोशाबरोबरच्या सुक्या चटणीवर) थेट बाटलीतून ओतण्याची सवय मोडावी.

कुळीथप्रेमी, रत्नागिरी

आपण कोइमतूरला आहात, तर कोळ्ळू कसे सुटले? कोइमतूरभोवतीच्या कोंगू भागातले कोळ्ळू परुप्पु म्हणजे आपलाच कुळीथ. त्यात शेकडा वीसहून अधिक भाग प्रथिने असतात. रात्रभर भिजवून, शिजवून, त्याचे कढण रसमला वापरावे आणि दाणे लसूण, जिरे व सुक्या मिरचीबरोबर जाडसर वाटून ताटात वाढावे. संध्याकाळच्या बज्जीऐवजीही उकडलेल्या कुळथाचे सुंडल (फोडणी दिलेली सुकी उसळ) करता येते; मोहरी, कढीपत्ता, कैरीचे बारीक तुकडे आणि चिमूटभर नारळ एवढेच त्याला लागते.