उत्तर: क्लोरीन टिकत नाही, शेवाळ जात नाही

साळगावच्या तुमच्या पूलमध्ये रोज क्लोरीन घालूनही ते टिकत नाही आणि भिंती हिरव्या पडतात, म्हणून वर कुणीतरी अल्गीसाइड (शेवाळ मारणारं औषध) सुचवलंय. त्यावर आत्ता पैसे घालू नका. आधी क्लोरीन जातं कुठे ते शोधा.

सूर्य मावळल्यावर मोकळं क्लोरीन (पाण्यात अजून काम करू शकणारं) मोजा, पहाटे ऊन यायच्या आत पुन्हा मोजा. रात्रीत १ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत एक भाग) जास्त उतरलं, तर शेवाळ आणि कुजका पाचोळा ते क्लोरीन खातोय. रात्री टिकून दिवसा गेलं, तर ऊन. क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं सायन्युरिक ॲसिड पाण्यात नसेल तर आपल्या मे महिन्यातल्या उन्हात क्लोरीन काही तासांत उडतं.

पण तुम्ही वर्षभर ट्रायक्लोरच्या (क्लोरीन देणाऱ्या) गोळ्या वापरताय, म्हणून मला उलटीच शंका आहे. प्रत्येक गोळीबरोबर हे ॲसिडही पाण्यात साठत जातं. ३० ते ५० पीपीएम ठीक. १०० च्या वर गेलं की नेहमीचं २-३ पीपीएम क्लोरीन शेवाळाला पुरत नाही. हे ॲसिड आधी मोजून घ्या. जास्त निघालं तर थोडं पाणी काढून नवं भरणं हाच खात्रीचा उपाय.

मग पीएच ७.२ च्या आसपास आणा, द्रव क्लोरीनचा डोस वाढवा, पंप चोवीस तास चालू ठेवा आणि ब्रशने घासा. शिडीच्या मागे आणि दिव्याच्या कडेला बोट फिरवून बघा, बुळबुळीत थर तिथेच लपतो. द्रव क्लोरीनचा कॅन ताजाच घ्या, उष्णतेत त्याचा जोर उतरतो.

आणि कळकळीने सांगतो, ब्लीचिंग पावडर व ट्रायक्लोर कधीही एकत्र करू नका, अगदी दोन्हींसाठी एकच माप वापरूनसुद्धा नाही. स्फोट होऊ शकतो.