कुशीवर झोपते, मान आखडते. उशी कशी निवडू?

सकाळी उठलं की मान उजवीकडे वळत नाही, खांदा जड. गाडी मागे घेताना अख्खं अंग वळवावं लागतं. झोपते उजव्या कुशीवर. सध्याची उशी कापसाची, मधोमध खळगा आणि कडांना गोळे. दुकानात मेमरी फोम, लेटेक्स, मधे खोलगट ‘सर्व्हायकल’, सगळ्याच म्हणे उत्तम! कोणती घेऊ?

रातकिडा: आधी उंची बघा, आत काय भरलंय ते नंतर. कुशीवर झोपताना कान आणि गादी यांच्यात खांद्याच्या रुंदीएवढी पोकळी राहते, ती उशीने भरायला हवी. उताणं झोपणाऱ्याला बरीच कमी लागते. गादी मऊ असेल तर खांदा रुततो, मग बुटकी उशीही चालते. पैसे घालण्याआधी उशीखाली टॉवेलच्या घड्या घालून बघा आणि मागून कुणाला तरी फोटो काढायला सांगा. मान पाठीच्या रेषेत दिसली पाहिजे. आणि हो, उशीवर फक्त डोकं-मान, खांदा गादीवर.

साखरझोप: मेमरी फोम अंगाच्या उबेने मऊ होऊन दबतो, लेटेक्स लगेच उसळतं. मला फोमवर उकडतं. पण खरा फरक पडला तो दुसरी उशी कवटाळून झोपल्याने. वरचा खांदा पुढे ओढला जात नाही.

जुनाखोड: हाताला मुंग्या येतात का? बोटं बधिर, पकड ढिली? मग उशी राहू द्या, डॉक्टरांना दाखवा.

मूळ प्रश्नकर्ती: मुंग्या नाहीत. टॉवेल घातला, नवऱ्याने फोटो काढला. मान अजून गादीकडे कलतेय, आणखी एक घडी घालते.